पंपाच्या बंदुकीचा कुंदा

आपल्याकडे शस्त्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा नळीवर खिळलेली असते. नळी किती लांब, दारू किती, गोळा किती शेरांचा, यांची नोंद होते. पण नळी ज्या लाकडात बसविलेली असते, जे लाकूड शिकाऱ्याच्या गालाला आणि खांद्याला लागते, त्या कुंद्याविषयी चार ओळीही क्वचितच सापडतात. धारवाड-हुबळीच्या परिसरात एखाद्या जुन्या घराण्यात पंपाची छर्र्याची बंदूक परवान्यानिशी राहिली असेल आणि तिचा कुंदा मुठीपाशी चिरला असेल, तर नवा कुंदा कोणत्या घाटाचा करावा, हा प्रश्न आम्ही येथे घेत आहो. प्रश्न सुताराचा खरा. पण त्याचे अर्धे उत्तर या मुलखाच्या इतिहासात दडलेले आहे.

कुंदा गालाशी धरावयाचा की खांद्यात रोवावयाचा, येथूनच घाटाचा भेद सुरू होतो. १५१० मध्ये गोवे पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि तेथील कारागिरांच्या हातून जी तोड्याची बंदूक घडू लागली तिचा कुंदा आखूड, गालाशी धरण्याजोगा होता. हे कारागीर जर्मनांच्या तोडीचे आहेत, असे आल्बुकर्कने १५१३ मध्ये आपल्या राजाला कळविले होते. हीच जात पुढे सिंहलद्वीप, मलाया आणि जपान येथवर पसरली, असे शस्त्रांचे अभ्यासक मानतात. घाटावरील तोड्याच्या बंदुकीचा कुंदा सडपातळ व बराचसा सरळ असे. खांद्यात घट्ट रोवावयाचा रुंद युरोपी कुंदा या भागात मोठ्या संख्येने दिसला असेल तो १७९०-९१ च्या धारवाडच्या वेढ्यात. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर कॅप्टन लिटलची इंग्रजी तुकडी होती. किल्ल्यात बद्रुज्जमानखानाचे म्हैसूरकर शिपाई होते आणि टिपूच्या कारखान्यांतील चकमकीच्या बंदुका युरोपी वळणाच्याच होत्या. एकाच तटाच्या आतबाहेर कुंद्याच्या दोन परंपरा समोरासमोर आल्या.

देशी घाट मागे पडण्याचे कारण केवळ नव्या बंदुकीची सरशी एवढेच नव्हे. १८५७ च्या निःशस्त्रीकरणाच्या कायद्याने घरोघरची हत्यारे सरकारदरबारी दाखल करण्याचा हुकूम झाला. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये तो धुडकावला. हत्यार हे त्यांच्या पोटापाण्याचे व अब्रूचे साधन होते. गाव जाळले गेले, कित्येक मारले गेले, कित्येकांना फाशी झाली. या प्रसंगावरील कानडी लावणी पुढे फ्लीटसाहेबाने टिपून घेतली, म्हणून निदान तेवढी तरी उरली. मे १८५८ मध्ये नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी उठाव केला. मॅन्सन मारला गेला आणि १२ जूनला बाबासाहेबांना बेळगावास फाशी देण्यात आले. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याची चौकट पक्की झाली. परवाना ज्यांना मिळे ते इनामदार, देसाई, वकील विलायती दुनळीकडे पाहू लागले. देशी कुंदा हातात धरणाराच उरला नाही, तर तो घडविणारा कोठून उरणार?

दुनळीबरोबर सरळ कुंदा प्रतिष्ठेचा ठरला. त्या घाटाला अर्थ होता. दुनळीला दोन चाप असतात. पहिला ओढून दुसऱ्यावर जाताना उजवा हात किंचित मागे सरकावा लागतो, आणि सरळ मुठीवर तो सहज सरकतो. पंपाच्या बंदुकीचे काम निराळे. तिला चाप एकच. डावा हात नळीखालची मूठ मागे ओढतो, पुढे ढकलतो, आणि त्या हिसक्यात बंदूक खांद्यावर स्थिर ठेवण्याचे काम उजव्या हाताकडे येते. त्याला पकड हवी. म्हणून खाली वळलेली मूठ. साहेबाच्या दुनळीची ऐट पंपावर चढविण्यासाठी सरळ कुंदा बसविणे आम्हांस धोतरावर टाय बांधण्यासारखे वाटते. अमेरिकेत पंपाच्या बंदुकांनाही सरळ कुंदे मिळत, हे खरे. पण ते विशेषतः फेकलेल्या चकत्यांवर नेम धरणाऱ्यांसाठी, आणि त्यांची गरज वेगळी.

येथे एक भेद केला पाहिजे. जॉन ब्राउनिंगने योजिलेल्या विंचेस्टरच्या १८९७ च्या नमुन्याचा घोडा बाहेर उघडा असतो. तो चढविण्या-उतरविण्यासाठी अंगठा वर न्यावा लागतो. तिला फार जाड व फार वळलेली मूठ अडचणीची. मूळची बेताची, अर्धवट वळणाची मूठच योग्य. १९१२ च्या नमुन्यात घोडा आत दडलेला आहे. तिला पूर्ण वळलेली मूठ खुशाल द्यावी.

मापांविषयीही थोडे. जुन्या अमेरिकन कुंद्यांना ढाळ जास्त, म्हणजे टाच नळीच्या रेषेपासून बरीच खाली. मान ताठ ठेवून नेम धरणाऱ्याला तो सोयीचा. गाल लाकडावर टेकविणाऱ्याला कमी ढाळ हवा. जाड कोटावर बंदूक धरणाऱ्याचा कुंदा थोडा आखूड असावा लागतो. आपल्याकडच्या सुती सदऱ्यावर पाव इंच लांबी जास्त चालते. कलघटगी-हल्ल्याळकडच्या झाडीत क्षणभर दिसणाऱ्या रानकोंबड्यावर बंदूक झटकन उचलावी लागे, नवलगुंदाकडच्या काळ्या रानात तितराला थोडी उसंत मिळे. पहिल्या ठिकाणी लांब कुंदा काखेत अडकतो. लाकूड अक्रोडाचे उत्तम. शिसव देखणे, पण जड. त्याने बंदुकीचा तोल मागे जातो. साग हाताशी असला तरी बारीक मुठीपाशी रेषेने फाटण्याची भीती असते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या बंदुकांचे शिकारीचे काम जवळजवळ संपविले; राणेबेन्नूरच्या माळावर १९७४ पासून काळविटांना अभयारण्य आहे. त्यामुळे आजचा कुंदा मालकाच्या खांद्यासाठी कमी आणि बंदुकीच्या खरेपणासाठी अधिक करावयाचा. चिरलेला जुना कुंदा मात्र जळणात टाकू नये. त्याच्या टाचेकडून कोणी अर्धा इंच कापला असेल, मुठीला पितळेची पट्टी ठोकली असेल, गालाशी लाकूड झिजले असेल. धरणारा किती उंचीचा होता, मान कशी ठेवीत असे, गावच्या कारागिराने काय दुरुस्त केले, हे कोणत्याही परवान्यात लिहिलेले नसते. ते त्या लाकडावरच वाचावे लागते.