परवानगीचे अर्धशतक

ज्या वऱ्हाड प्रांतात वाशिम वसले आहे, त्याचा अर्वाचीन इतिहास मालक आणि वहिवाटदार यांच्या वाटाघाटींनी भरलेला आहे. कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी 1853 च्या तहाने हैदराबादच्या निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. 1902 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून तो सालीना 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने लिहून घेतला. आणि पुढचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी तो परत मागितला, तेव्हा 1926 च्या मार्च महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने साफ नकार कळविला. 1936 च्या करारात निजामाचे स्वामित्व कागदोपत्री पुन्हा मान्य झाले, त्याच्या युवराजाला वऱ्हाडच्या नावाची पदवी मिळाली, परंतु ताबा जेथे होता तेथेच राहिला. मालकी एकाची असली तरी ताब्याचे बळ वेगळेच असते, याचा अनुभव वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या गावांतील दोन खोल्या किरायाने देणाऱ्या सामान्य घरमालकालाही पुढे यावयाचा होता.

हा घरमालक कोण होता, हे प्रथम नीट ध्यानात घेतले पाहिजे. कायद्याच्या मसुद्यातून जो सावकारी वृत्तीचा, चाळींचा धनी असा मालक डोळ्यांपुढे उभा राहतो, तो मुंबईचा. आमच्याकडील मालक म्हणजे पेन्शनीत निघालेला शिक्षक, शेती धाकट्या भावाकडे सोपवून गावात आलेला शेतकरी, किंवा पतीच्या पश्चात माडीवरच्या खोलीच्या भाड्यावर मुलांचे शिक्षण करणारी विधवा. मालक आणि भाडेकरू एकाच विहिरीचे पाणी भरीत आणि एकाच ओसरीवर बसत. त्यामुळे भाडेकरूच्या विनंत्यांना अर्जाचे रूप नव्हते. मृगाच्या आत कवेलू फेरून द्यावेत, न्हाणीला आडोसा करावा, कापसाचे पैसे हाती येईपर्यंत भाड्याला मुदत द्यावी, मुलीचे लग्न होईतो घर सोडावयास सांगू नये, अशी ती बोलणी असत. मालकही आपली अडचण तोंडीच मांडी. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात महिन्याच्या भाडेपट्ट्याला पंधरा दिवसांची नोटीस आणि मालकाने दुर्लक्ष केल्यास दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करून घेण्याचा हक्क या दोन्ही गोष्टी होत्या. पण कायद्यातला हक्क ओसरीवर उच्चारणे म्हणजे बोलणी मोडणे, अशीच उभयपक्षी समजूत असे. या व्यवस्थेचे मी गुणगान करणार नाही. तिच्यात सौजन्य होते, परंतु पावती नव्हती. आणि पावती नसल्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचा हिशेब खरा ठरे.

दुसऱ्या महायुद्धाने घरांची टंचाई आणली आणि ओसरीवरचा हा व्यवहार कचेरीत गेला. मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या विधिमंडळाने 1946 मध्ये अधिनियम केला आणि त्याच्या आधारे 1949 चा घरे भाड्याने देण्याबाबतचा व भाडे नियंत्रणाचा आदेश निघाला. या आदेशाचा कणा म्हणजे त्याचे तेरावे कलम. भाडेपट्टा संपविण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकाने भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी मिळविली पाहिजे, असे त्याने ठरविले. परवानगीची कारणेही त्यानेच नेमून दिली: एकूण तीन महिन्यांचे भाडे थकणे, भाडे थकविण्याची सवयच असणे, पोटभाडेकरू ठेवणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, अत्यावश्यक दुरुस्ती, आणि मालकाची स्वतःच्या राहण्याची खरीखुरी गरज. अर्ज, त्यावर भाडेकरूची कैफियत, साक्षीपुरावे, नियंत्रकाचा हुकूम, त्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे त्या काळी अकोल्याला, अपील. आणि हे सारे आटोपून परवानगी हाती आली तरी घर मिळत नसे, कारण त्यानंतर नोटीस, दिवाणी न्यायालयात दावा, हुकूमनामा आणि अखेरीस दरखास्त, अशी दुसरी वाट उरलेलीच असे. नोटिशीची मुदत भाडेमहिन्याच्या अखेरीस संपली पाहिजे, हा नियमही मोठा कठोर होता. शेवटचा दिवस एका तारखेने चुकला की वर्षांची मेहनत वाया जाई.

या पद्धतीने भाडेकरूला स्थैर्य दिले, हे निःसंशय. कोणाच्या लहरीने संसार रस्त्यावर येणार नाही, ही शाश्वती त्याला पूर्वी कधीच नव्हती. परंतु विधवेच्या दोन खोल्यांना आणि धनिकाच्या वीस घरांना एकच माप लावण्यात आदेशाने मोठी उणीव ठेवली, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतःच्या गरजेचे कारण मांडणाऱ्याला त्याच गावात आपले दुसरे घर राहत्या वापरात नाही, हे दाखवावे लागे. मुलाचे लग्न ठरल्यामुळे खोली हवी असणारी आई जे ओसरीवर एका संध्याकाळी सांगू शकली असती, ते तिला वकिलामार्फत शपथेवर सांगावे लागले, आणि समोरच्याने ते खोटे म्हणून नाकारणे हा त्याच्या कैफियतीचा रिवाजच होऊन बसला. याहूनही खोल परिणाम असा, की मालक विनंती मान्य करण्यास भिऊ लागला. कवेलूंच्या जागी टिनपत्रे घातली, मुदत वाढवून दिली, तर उद्या नियंत्रकापुढे तेच आपल्याविरुद्ध वाचले जाईल, ही धास्ती त्याला पडली. शिवाय घर रिकामे झाले की सरकारात वर्दी देणे आणि अधिकाऱ्याने सांगितलेल्या सरकारी नोकराला ते देणे भाग असल्याने पुष्कळांनी खोल्यांना कुलूप लावून ठेवणेच पसंत केले.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत आणि 1960 मध्ये राज्ये बदलली, आदेश तसाच राहिला. वाशिमहून शेजारच्या हिंगोलीस जाणाऱ्याला एकाच महाराष्ट्रात हैदराबादचा 1954 चा कायदा लागे आणि पुण्याला मुंबईचा 1947 चा.

1 जुलै 1998 रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. 1905 मध्ये गेलेले जिल्ह्याचे ठाणे परत आले, कचेऱ्या आल्या, बदलीवर येणारा नोकरवर्ग आला आणि खोल्यांची मागणी वाढली. थोड्याच अवधीत, 31 मार्च 2000 पासून, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अमलात आला आणि ते तिन्ही कायदे संपले. परवानगीची पायरी गेली; मालकाला थेट न्यायालयात जाता येऊ लागले. दरसाल शेकडा 4 भाडेवाढ, भाड्याची पावती देण्याचे बंधन, पाणी व वीज तोडण्यास मनाई, आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून वार्षिक भाड्याच्या चौथाईपर्यंत वळते करून घेण्याची मुभा, या तरतुदींत ओसरीवरच्या जुन्या विनंत्याच कायद्याच्या भाषेत आल्या आहेत. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंद नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

तथापि वाशिमच्या नव्या वस्त्यांतील बहुतेक व्यवहार आता भाडेपट्ट्याऐवजी अकरा महिन्यांच्या परवानापत्रावर (लिव्ह अँड लायसन्स) होतात. मुदत संपल्यावर ताबा मिळण्याची हमी असल्यामुळे मालक निर्धास्तपणे खोली देतो, बंद कुलपे उघडली आहेत, हे हिताचेच झाले. पण ज्या स्थैर्यासाठी 1949 चा आदेश जन्माला आला, ते भाडेकरूजवळ उरलेले नाही. भिंतीची ओल किंवा नळाची गळती सांगावी, तर अकराव्या महिन्यात पत्र नव्याने होईल किंवा नाही, ही शंका त्याच्या मनात येते, आणि मुलाची शाळा जवळ असल्यामुळे तो ती ओल तशीच सहन करतो.