स्वातंत्र्यदेवी आणि दोरखंड

परमुलखात जाऊन नवा संसार थाटणाऱ्या माणसांचे सुखान्त चित्रपट मला आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. रिकाम्या खिशाने कोणी बोटीवरून उतरतो, भाषा कळत नाही, उपाशी झोपतो. आणि शेवटी त्याचे लग्न लागले, की आपणही प्रसन्न चित्ताने घरी जातो. या गोत्रातला माझा सर्वांत लाडका चित्रपट म्हणजे चार्ली चॅप्लिनचा 'द इमिग्रंट'. १९१७ सालच्या जून महिन्यात तो प्रथम पडद्यावर आला. अवघ्या दोन रिळांचा मूकपट!

पहिल्या रिळात बोट हेलकावत असते आणि उतारू गडगडत असतात. चार्ली जुगारात पैसे जिंकतो आणि एका गरीब मुलीच्या खिशात ते गुपचूप सारतो; तिच्या आईची पुंजी चोरीला गेलेली असते. मग न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवी दिसू लागते. सारे उतारू डोळे भरून तिच्याकडे पाहत आहेत, एवढ्यात अधिकारी येऊन त्यांच्यापुढे दोरखंड ताणतात आणि गुरे कोंडावीत तसे त्यांना मागे रेटतात. चार्ली पुन्हा एकदा त्या देवीकडे पाहतो. त्या एका कटाक्षात जे आहे, ते सांगायला एखाद्या इतिहासकाराला प्रकरण लिहावे लागेल. पाठोपाठ तो अधिकाऱ्याला एक लाथही हाणतो, ते निराळेच.

दुसऱ्या रिळात खाणावळ आहे. दहा सेंट कमी पडले म्हणून तेथे वाढपी गिऱ्हाइकाला बडवून काढतात, आणि चार्लीचे एकुलते एक नाणे खिशाच्या भोकातून केव्हाच गळून पडलेले असते. तेथेच ती मुलगी पुन्हा भेटते. हातात काळ्या काठाचा रुमाल. आई गेली, हे त्या रुमालावरूनच त्याला कळते. मौज अशी की, चॅप्लिनने आधी ही खाणावळच चित्रित केली होती. या दोघांची गाठ कुठे पडली असेल, याचा शोध घेता घेता बोट मागाहून सुचली. शेवटी भर पावसात तो तिला उचलून विवाह-नोंदणीच्या कचेरीत नेतो.

आता त्याच वर्षाचा फेब्रुवारी पाहा. अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकेच्या काँग्रेसने नवा कायदा केला. येणाऱ्या प्रौढाला कोणत्या तरी भाषेत वाचता आले पाहिजे, हे एक कलम. आणि आशियाचा फार मोठा पट्टा, हिंदुस्थानसकट, वर्ज्य, हे दुसरे. चार्लीच्या बोटीवर सारे युरोपीय आहेत. त्यांच्यासाठी दोरखंड होता. आपल्या मजुरासाठी बोटच नव्हती.

जे आधी पोचले होते, तेही निर्धास्त नव्हते. हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिला. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव कसे घरचे वाटते! खुद्द पंडितांना १९१४ सालीच नागरिकत्व मिळाले होते. थिंद-निकालानंतर सरकार तेही काढून घ्यायला निघाले. ज्या लॉस एंजेलिस शहरात चॅप्लिनने ती लुटुपुटीची खाणावळ उभारली, त्याच शहरात पंडितांची वकिली चाले. या नागरिकत्वाच्या भरवशावर आपण वकिली केली, घर घेतले, अमेरिकन स्त्रीशी विवाह केला, असे ते न्यायालयात भांडले, आणि १९२७ साली अखेर जिंकले. इतर अनेकांचे नागरिकत्व मात्र गेले. माझ्या मते पंडितांवर चित्रपट निघायला हवा. दोन रिळे पुरणार नाहीत.

चॅप्लिन स्वतः १९१० साली इंग्लंडहून नाटकमंडळीबरोबर अमेरिकेत आलेला. नागरिकत्व त्याने कधीच घेतले नाही. १९५२च्या सप्टेंबरात तो सहकुटुंब लंडनला निघाला; बोट भर समुद्रात असताना अमेरिकन सरकारने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. त्याने स्वित्झर्लंडमध्ये बिऱ्हाड केले. पुढे १९७२ साली सन्मानाचे ऑस्कर स्वीकारायला तो अमेरिकेत गेला खरा, पण चार दिवसांचा पाहुणा म्हणून.