तबकडीवर नाव कुणाचे, मालकी कुणाची?

जुन्या जॅझच्या तबकड्या जमवणे हा आज प्रतिष्ठेचा छंद मानला जातो. तबकडी किती दुर्मिळ, ओरखडे किती, यावर तिची किंमत ठरते. पण तबकडी ही केवळ शोभेची वस्तू नाही, ती इतिहासाचा दस्तऐवज आहे. आणि दस्तऐवज म्हटला की पहिला प्रश्न येतो तो हा : तो तयार करण्याची सत्ता कुणाच्या हाती होती?

जॅझ घडले ते मुख्यतः न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या समाजात, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुला-नातवंडांच्या हातून. तिथला आद्य कॉर्नेटवादक बडी बोल्डन १९०७ मध्ये मनोरुग्णालयात गेला. त्याच्या वादनाची एकही नोंद आज उपलब्ध नाही. जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७ मध्ये, व्हिक्टर कंपनीची. त्यावर वाजवणारे ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड’चे पाचही जण गोरे होते. पुढे त्यांचा म्होरक्या निक लारोका हे संगीत गोऱ्यांनीच निर्माण केल्याचा दावा करत राहिला. ज्याच्या हाती नोंद, त्याचा इतिहास, तो असा.

१९२० मध्ये ओके कंपनीने काळी गायिका मॅमी स्मिथ हिचे ‘क्रेझी ब्लूज’ काढले आणि ते प्रचंड खपले. काळ्या माणसाच्या खिशातही पैसा आहे, हे कंपन्यांना उमगले. मग ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाची वेगळी वर्गवारी निघाली. क्रमांकांची मालिका वेगळी, जाहिराती काळ्यांच्या वर्तमानपत्रांत. पैसा चालतो, पंगत वेगळी! बेसी स्मिथसारख्या अफाट खपाच्या गायिकेलाही कोलंबियाकडून दर गाण्यामागे ठरीव रक्कम मिळे, रॉयल्टी नाही.

याला उत्तर दिले हॅरी पेस या काळ्या उद्योजकाने. १९२१ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लॅक स्वान’ ही कंपनी काढली. गुलामीत जन्मलेली गायिका एलिझाबेथ ग्रीनफिल्ड हिला लोक ‘काळी राजहंसी’ म्हणत, तिच्यावरून हे नाव आले. संगीताची बाजू फ्लेचर हेंडरसन सांभाळत होता, एथेल वॉटर्स गात होती आणि संचालक मंडळावर होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. हे तेच ड्यू बॉइस, ज्यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहून अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. नुसते गळा आणि वाद्य आपले असून भागत नाही, यंत्र आणि हिशेबाची वहीही आपली हवी, हे ब्लॅक स्वानने ओळखले होते.

कंपनी टिकली नाही. पैशाच्या ओढीत तिने काही गोऱ्या वाद्यवृंदांची ध्वनिमुद्रणेही टोपणनावांनी विकली, हेही सांगितले पाहिजे. १९२४ मध्ये तिची मुद्रणे पॅरामाउंटकडे गेली. पॅरामाउंटचे मालक कोण? विस्कॉन्सिनमधला खुर्च्या बनवणारा कारखाना!

आता तबकडीच्या अंगाकडे पाहू. व्हिनाइलची लाँग प्ले तबकडी कोलंबियाने आणली १९४८ मध्ये. त्याआधीच्या तबकड्यांत महत्त्वाचा घटक होता शेलॅक, म्हणजे लाख. ही लाख मोठ्या प्रमाणावर जात असे भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलातून. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवरून ती खरवडणारे हात बहुतांशी आदिवासींचे होते. १९४२ मध्ये युद्धामुळे लाख दुर्मिळ झाली, तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, नव्या केल्या गेल्या. त्यात किती आवाज भुकटी झाले, कोण मोजणार?

म्हणून संग्राहकाचे काम किमतीपाशी संपत नाही. लेबलाजवळ कोरलेला क्रमांक वाचायचा. त्यावरून टोपणनावाआडचा खरा वादक सापडू शकतो. गीतकार म्हणून कुणाचे नाव आहे ते पाहायचे, कंपनी कुणाची ते शोधायचे. असे संग्राहक झाले म्हणूनच विसरलेल्या अनेक काळ्या वादकांची नावे आज कळतात. छंदाला प्रश्न विचारण्याची जोड मिळाली, तरच तो इतिहासाचे काम करतो. नाहीतर एकाचे श्रम, दुसऱ्याची मालकी आणि तिसऱ्याच्या दिवाणखान्यातली शोभा, एवढीच ती तबकडी उरते.