गडी की कूळ?

वेवजीत कधी महाराष्ट्राची रेंज लागते, कधी गुजरातची. गेल्या पावसाळ्यात एक दलाल आमची जमीन भाडेपट्ट्याने मागायला आला, म्हणून मी मोबाइलवर सातबारा उघडला. इतर हक्कांत लिहिलं होतं, 'कू.का.क. ४३ च्या बंधनास पात्र'. कू.का.क. म्हणजे कूळकायदा कलम, असं आजीला सांगितलं. ती म्हणाली, "माझा सासरा तर लग्नगडी होता. कूळ कधी झाला?"

'लग्नगडी' हा शब्द कुठल्याच कायद्यात नाही. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. हिशेब सावकाराच्या वहीत, त्यामुळे ते फिटत नसे. त्यावर वेठ वेगळी, म्हणजे फुकट काम. आज 'प्रवाशांना वेठीस धरलं' असं बातम्यांत सहज म्हणतात, ती हीच वेठ.

तेव्हा हा पट्टा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यात होता. १ मे १९६० ला उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरी इकडे राहिली. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही, रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही, असं ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाडा इथे पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली.

पण वेठ सुटली म्हणून जमीन मिळत नाही. ती १९४८ च्या कूळकायद्यातल्या एका शब्दावर अडली होती. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा तो कूळ. मात्र पगारी नोकर, किंवा मालकाच्या देखरेखीखाली राबणारा मजूर कूळ नाही. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कुळं कसत्या जमिनीची मालक मानली गेली. गड्याच्या वाट्याला काहीच नाही. नांगर तोच, शेत तेच. मालकाने 'हा माझा गडी' म्हटलं आणि खंडाची पावती नसली, तर सिद्ध काय करणार? मला तर हा कायद्यातला सगळ्यात महागडा शब्द वाटतो.

आमच्याकडे पावती होती का, आजीला आठवत नाही. सासरा भात मोजून द्यायचा, एवढं आठवतं. भात मोजून देणं म्हणजेच खंड, हे तिला त्या दिवशी कळलं.

दलालाचा मुद्दा राहिलाच. "विक्री थोडीच आहे, भाडेपट्टा तर आहे," असं तो म्हणत होता. जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ, १९७४ पासूनचं, आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाताना विक्री, बक्षीस, गहाण आणि भाडेपट्टा सगळंच धरतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय काहीच नाही. ते कलम मी त्याला मोबाइलवर दाखवलं. त्याने चहा अर्धा ठेवला आणि मोटारसायकल सोळसुंब्याच्या दिशेने वळवली. आजीने मला 'कूळ' पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं.