नॉयश्वानस्टाईन पाहिलं, औंध राहिलं

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि वाचणंच आवडणाऱ्यांसाठी, नेहमीप्रमाणे या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मी बराच भरकटलो होतो. इथे थोडं सावरलंय, सगळं नाही.

सुरुवात एका कबुलीने करतो. आमची कुलदेवता औंधची यमाई. म्हणजे सातारा जिल्ह्यातलं औंध, पुण्यातलं नव्हे. (हा खुलासा आयुष्यभर करावा लागतो.) लहानपणापासून दर पौषात आम्ही यात्रेला जायचो. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे एसटी, मग मूळपीठाचा डोंगर. चढताना मध्यावर एक इमारत लागते. मी विचारायचो, "हे काय आहे?" आजी म्हणायची, "म्युझियम आहे. येताना बघू." येताना पाय दुखत असायचे, भूक लागलेली असायची, शेवटची एसटी सुटायची भीती असायची. अशी पंचवीस वर्षं मी ते म्युझियम 'येताना' बघत होतो.

आणि मग २०२४ साली कंपनीने मला तीन महिन्यांसाठी म्युनिकला पाठवलं. तिथे मात्र एक शनिवार-रविवार वाया घालवला नाही. ४९ युरोचं महिन्याचं तिकीट, पाठीला सॅक, डब्यात थेपले, की निघालो. चित्रं बघायचं वेड मला तिथे लागलं. खरं तर आधीपासून असावं, पण तिथे ते ओळखू आलं.

पहिलं अर्थातच नॉयश्वानस्टाईन. तुम्ही नाव ऐकलं नसेल तरी किल्ला पाहिलेला आहे, निम्म्या जगाच्या वॉलपेपरवर तोच असतो. बवेरियाचा राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये बांधायला घेतला. तोफांचं युग आलेलं असताना, लढाईसाठी नव्हे, तर मनातलं मध्ययुग दगडात उभं करण्यासाठी. आतल्या भिंतींवर जुन्या जर्मन दंतकथांची चित्रं, ज्यांवर वाग्नरने ऑपेरा रचले त्याच कथा. सिंहासनाचं दालन सोन्याने झळकतं, पण त्यात सिंहासनच नाही. ते बसवायच्या आत, १८८६ च्या जूनमध्ये राजा गेला. डोक्यावर प्रचंड कर्ज होतं आणि त्याला राज्य करायला अपात्र ठरवलं गेलं होतं. ज्या माणसाने हे सगळं एकट्याने राहण्यासाठी बांधलं, त्याचा महाल तो गेल्यावर काही आठवड्यांतच तिकीट लावून लोकांसाठी उघडला. मी रांगेत उभा होतो तेव्हा पुढे जपानी, मागे पंजाबी. अर्ध्या तासात सगळं दाखवून बाहेर काढतात. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? पण बाहेर आल्यावर मला त्या माणसाचं वाईट वाटत राहिलं.

मग ड्रेस्डेन. तिथल्या राजाने १७५४ मध्ये इटलीतून राफाएलचं 'सिस्टिन मॅडोना' विकत आणलं. या चित्राच्या तळाशी हनुवटीला हात लावून बसलेले दोन छोटे देवदूत आहेत. तुम्ही ते मगवर, उशीवर, वाढदिवसाच्या कार्डावर हजारदा पाहिलेत. मूळ चित्रापुढे उभं राहिलो तेव्हा मला आठवलं काय, तर आमच्या देवघरातली कॅलेंडरची लक्ष्मी. राजाच्या दालनातलं चित्र घराघरांत पोचतं ते छपाईमुळे, आणि ही वाट तर सरळ जर्मनीतून आपल्याकडे येते! दगडावरून चित्र छापायची शिळाछपाईची युक्ती अठराव्या शतकाच्या अखेरीस आलॉइस झेनेफेल्डरने शोधली, तीही म्युनिकमध्ये, बवेरियातल्याच चुनखडीच्या दगडावर. राजा रवि वर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तेव्हा यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञानेच तो विकत घेतला. आपल्या पणज्यांनी ज्या लक्ष्मी-सरस्वतीला उदबत्ती ओवाळली, तिला जर्मन शाईचा वास होता म्हणा ना.

पण मला हलवलं ते तिसऱ्या गावाने. वायमार. छोटंसं, शांत. तिथे खास काय बघायचं तेही मला धड ठाऊक नव्हतं. झालं असं, की १८७१ पर्यंत जर्मनी हा एक देश नव्हताच. राजे, ड्यूक, बिशप यांची लहान-मोठी शेकडो संस्थानं होती. आपल्या सांगली, मिरज, जमखंडी, भोर, फलटण या पट्ट्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा, तसंच. छोट्या राजाला लढाया परवडत नाहीत. मग तो नाटकशाळा काढतो, ग्रंथालय काढतो, विद्वान जमवतो. (सगळेच नाही. बरेच जण शिकार आणि कर्ज एवढंच करतात, इथेही आणि तिथेही.) वायमारच्या कार्ल आउगुस्टने १७७५ मध्ये गोएथेला बोलावलं आणि हा महाकवी मरेपर्यंत तिथेच राहिला, मंत्री म्हणून कारभारही पाहिला. याच ड्यूकने १८१६ मध्ये प्रजेला राज्यघटना दिली. जर्मन मुलखातल्या अगदी सुरुवातीच्या घटनांपैकी ही एक.

हे तिथल्या फलकावर वाचत होतो आणि डोक्यात एकदम ट्यूब पेटली. अरे, हा माणूस मला माहितीये! आमच्या डोंगराखाली असाच एक होता.

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, औंधचे बाळासाहेब. जन्म १८६८, गादीवर आले १९०९ मध्ये. संस्थान केवढं, तर जेमतेम पाचशे चौरस मैल, बहात्तर गावं, लोकसंख्या लाखाच्या आत. तेही सलग नाही. एक तुकडा औंध, एक आटपाडी, एक कुंडल. आज काही सातारा जिल्ह्यात, काही सांगलीत. दुष्काळी माणदेश. खजिन्यात फार काही असायची शक्यता नाही. पण हा राजा पदवीधर होता, कीर्तन करायचा, रोज सूर्यनमस्कार घालायचा आणि प्रजेलाही घालायला लावायचा. मुख्य म्हणजे तो स्वतः चित्रकार होता. त्यांनी रंगवलेलं 'चित्र रामायण' १९१६ मध्ये छापून आलं. अजिंठा आणि वेरूळवर त्यांनी पुस्तकं लिहिली. लुडविगने दंतकथा दुसऱ्यांकडून रंगवून घेतल्या, यांनी कुंचला स्वतःच्या हातात घेतला. चित्रकार म्हणून बाळासाहेब रवि वर्म्याच्या तोडीचे होते का? माझ्या मते नाही. पण ज्याने स्वतः कॅनव्हासशी झटापट केलीय, त्याला दुसऱ्याचं चांगलं चित्र दिसतं, आणि ते यांना दिसायचं.

आता महाभारताची गोष्ट. १९१८ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेत बाळासाहेबांनी प्रस्ताव मांडला, महाभारताची सचित्र आवृत्ती काढा, मी एक लाख रुपये देतो. त्या काळचे एक लाख! राजाला हवी होती चित्रं. विद्वान म्हणाले, चित्रं काढू, पण आधी खरा पाठ कोणता ते तरी ठरवू. देशभरच्या हस्तलिखितांत श्लोक वेगवेगळे. त्यातून जे काम सुरू झालं ते संपलं १९६६ मध्ये. राजा त्याआधी पंधरा वर्षं, १९५१ मध्येच वारला होता. १९२५ नंतर या कामाची सूत्रं ज्यांच्या हाती होती ते विष्णु सीताराम सुकथनकर बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्याकडे शिकून आलेले. म्हणजे माणदेशातले पैसे, पुण्यातलं टेबल आणि बर्लिनची शिस्त. आणि हो, चित्रंही आली. त्या खंडांमध्ये राजाने रंगवलेली चित्रं आहेत.

म्युझियम उभं राहिलं १९३७-३८ च्या सुमारास. श्री भवानी संग्रहालय. चित्रांवर वरून नैसर्गिक उजेड पडावा अशी रचना. बाळासाहेबांनी ते महालात नाही, यात्रेच्या वाटेवर बांधलं. मला हेच फार महत्त्वाचं वाटतं. ड्रेस्डेनची चित्रं बघायला ड्रेस्डेनला जावं लागतं. इथे देवीला निघालेला मेंढपाळ रवि वर्म्याच्या सैरंध्रीसमोरून जाऊ शकतो. (न गेलेला एक जण हा मजकूर लिहितोय.)

त्याच काळात, म्हणजे १९३८ च्या नोव्हेंबरात, सत्तरीतल्या या राजाने जाहीर केलं की आता राज्य लोकांचं. महात्मा गांधींचा सल्ला, ऑक्सफर्डला शिकून आलेला मुलगा अप्पा पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा एक इंजिनिअर यांच्या खटपटीतून घटना तयार झाली, पायाशी ग्रामपंचायती ठेवून. १९३९ च्या जानेवारीत ती अमलात आली. तेव्हा दिल्लीत ब्रिटिश होते.

इथे मला वायमारकडे परत जावं लागतं, कारण तिथली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. गोएथेच्या घरापासून काही किलोमीटरवर एटर्सबर्ग नावाची टेकडी आहे. तिथे १९३७ च्या जुलैमध्ये नाझींनी बुखेनवाल्डची छळछावणी उघडली. त्यात सुमारे ५६ हजार माणसं मेली. मी बसने गेलो होतो. परत येताना बसमध्ये कुणीच बोलत नव्हतं. इतकं ग्रंथालय, इतकी नाटकं, १८१६ ची घटना, आणि तरी ती टेकडी. औंधच्या डोंगरावर म्युझियमचं काम चालू असतानाचीच ही वर्षं. आणि ज्या फ्रीडमनने औंधच्या घटनेसाठी पायपीट केली, तो वॉर्सात ज्यू घरात जन्मलेला. तो त्या काळात युरोपात असता तर त्याचं काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

परत आल्यावर गेल्या पौषात आजीला घेऊन औंधला गेलो. या वेळी एसटी नाही, मित्राची गाडी. अर्ध्या डोंगरावर थांबवली. आजी म्हणाली, "आधी देवी." मी म्हटलं, "नाही, आज आधी हे."

आत शिरल्यावर मी अधाशासारखा सुटलो. पहाडी लघुचित्रं, धुरंधर, बाबुराव पेंटर, आणि हेन्री मूरचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्प. हेन्री मूर! ज्याच्यासाठी लोक लंडनला विमानाने जातात, तो खटाव तालुक्यात. आजीला मूरमध्ये रस नव्हता. "अर्धवट राहिलंय का?" एवढंच विचारून ती पुढे गेली. पण सैरंध्रीपाशी थांबली. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी. आजी बराच वेळ तिच्याकडे बघत होती, मग सवयीने हात जोडले तिने. मी म्हटलं, "आजी, ही देवी नाही, चित्र आहे." तर म्हणाली, "माहितीये मला. एकटी पडलीय बिचारी."

राजाचा एक शेवटचा धागा सांगायचा राहिलाय. आटपाडीजवळ त्यांच्या संस्थानात, फ्रीडमनच्याच कल्पनेतून, कैद्यांची भिंत नसलेली वसाहत झाली, स्वतंत्रपूर. पुढे त्याच मुलखातल्या, औंधच्या शाळेत शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली, शांतारामबापूंनी 'दो आँखें बारह हाथ' काढला आणि १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. कैदी, जेलर आणि ती बिनभिंतीची वसाहत, याचा सगळा किस्सा पुढच्या भागात. तोवर तुमच्या गावच्या डोंगरावर, वाटेत काय काय 'येताना बघू' राहिलंय ते व्हॉट्सअॅपवर कळवा. फोटो असला तर उत्तम.