टांकसाळीची चूक की नंतरचा घाव?



आपल्यापैकी अनेकांच्या घरी वाडवडिलांच्या पेटीत एखादा जुना चांदीचा रुपया जपून ठेवलेला असतो. त्याच्या कडेची अक्षरे तुटलेली असतात, मध्ये कोठे खोल खूण असते. मग कोणी म्हणतो, "नाणे खराब झाले." दुसरा म्हणतो, "ही टांकसाळीची चूक, हिला मोठी किंमत येईल." दोन्ही निवाडे घाईचे ठरू शकतात. खरा निवाडा हवा असेल, तर ते नाणे कसे पाडले गेले हे आधी समजून घेतले पाहिजे.

शेरशाह सूर (१५४०-१५४५) याने रुपया सुमारे १७८ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम वजनाचा ठरविला. मोगल बादशहांनी तेच वजन जवळपास कायम ठेवले. अबुल फज्लने 'आईन-इ-अकबरी'त टांकसाळीतील कारागिरांची कामे सांगितली आहेत. वजनाबरहुकूम चकती कापायची, ती दोन ठशांमध्ये ठेवायची आणि वरून घण मारायचा, अशी ही रीत होती. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. म्हणून सगळा मजकूर एका रुपयावर क्वचितच मावे. उर्दू शिकणाऱ्या मुलांना त्यावर 'जर्ब' हा शब्द ओळखता येईल. जर्ब म्हणजे घाव. त्याच्या जोडीला सुरत, बुऱ्हाणपूर, लाहोर असे टांकसाळीचे नाव असते. ते चकतीबाहेर राहिले असेल, तर ती चूक नव्हे आणि नुकसानही नव्हे; ती त्या काळची रीत होय.

आता खऱ्या चुका पाहा. पहिल्या घावानंतर चकती सरकली आणि पुन्हा घण पडला, की अक्षरे दुहेरी उमटतात. कधी आधीचे नाणे वरच्या ठशालाच चिकटून राही. मग पुढच्या चकतीच्या एका बाजूला नेहमीचा छाप उठे आणि दुसऱ्या बाजूला तोच छाप उलटा व खोलगट उमटे. तसेच ठशाला तडा गेला, तर नाण्यावर त्या जागी उंच रेघ येते. कारण घाव बसताच चांदी तड्यात शिरते. त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्यावरही ती रेघ त्याच जागी सापडते. उलट, नंतर पडलेला ओरखडा नेहमी खोल असतो. उंच रेघ ठशाची, खोल रेघ बहुधा नंतरची, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ घोटाळे टळतात.

नंतरच्या घावांत सराफाच्या खुणा सर्वांत जास्त आढळतात. चांदी अस्सल आहे की नाही हे पारखताना सराफ नाण्यावर छोटा छाप मारीत. ही खूण अक्षरांना चिरडून आत जाते, तिच्या काठाला धातू किंचित वर येतो. दागिन्यासाठी कडी डाखली असेल, तर कडेला डाखाचा डाग राहतो. झिजलेल्या नाण्याचे उंच भाग आधी सपाट होतात. घाव कमी बसलेल्या नाण्यावर मात्र एक भाग फिका आणि शेजारची अक्षरे ठसठशीत दिसतात.

शंका उरली तर तराजू घ्या. छाप एका बाजूला सरकला तरी चकतीचे वजन पूर्ण भरते. कड कातरून चांदी काढलेली असेल, तर वजन उतरते.

हे नियम लावताना काळही पाहावा. कंपनी सरकारने १८३५ साली १८० ग्रेनचा एकसारखा रुपया यंत्रावर पाडण्यास सुरुवात केली. तेथे छाप बराच सरकलेला असेल, तर ती मात्र खरी आणि दुर्मिळ चूक.

पालकांना एकच विनंती आहे. असे नाणे चिंच-राखेने घासू नका, सराफाची खूण कानशीने काढू नका. त्या खुणेवरूनच तो रुपया बाजारात फिरला, पारखला गेला आणि विश्वासास उतरला हे कळते. आणि विद्यार्थ्यांनो, कोणी "चूक आहे" म्हणून किंमत सांगू लागला, तर प्रथम त्याला विचारा: ही चूक टांकसाळीत नेमकी घडली कशी? ज्या खुणेचे कारण सांगता येत नाही, तिच्यासाठी पैसे मोजू नयेत.