घराच्या बागेत अक्रोड: कुठे येतो, कसा लावायचा आणि फळं कधी लागतात?

दुकानातून आणलेला कवचासकट अक्रोड मातीत पुरला, तर त्यातून रोप येऊ शकतं. 'कुंडीत उगवा अक्रोड' असे व्हिडिओ त्यामुळेच चालतात. पण रोप येणं वेगळं आणि झाडाला फळं लागणं वेगळं. फळं लागतील की नाही हे मुख्यतः थंडी, जागा आणि कलम या तीन गोष्टींवर ठरतं.

थंडी का हवी?

आपण खातो त्या अक्रोडाचं शास्त्रीय नाव जुग्लन्स रेजिया. भारतात तो मुख्यतः काश्मीर, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि अरुणाचल प्रदेशात होतो. हिवाळ्यात हे झाड सगळी पानं गाळून विश्रांती घेतं. ही विश्रांती पुरी व्हायला साधारण ७ अंश सेल्सिअसखालचं तापमान शेकडो तास मिळावं लागतं. काही जातींना तर हजारावर तास. तेवढी थंडी मिळाली नाही, तर कळ्या नीट फुटत नाहीत.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, पण दुपारपर्यंत पुन्हा ऊब येते. त्यामुळे थंडीच्या तासांची बेरीज कमीच पडते. पुणे, नाशिक, कोकण किंवा गोव्यात अक्रोडाच्या फळांची आशा न धरलेली बरी.

मग आपल्याकडे दिसतो तो 'अक्रोड' कोणता?

तो बहुतेक वेळा जंगली अक्रोड असतो. हे झाड एरंडाच्या कुळातलं आहे. खऱ्या अक्रोडाशी त्याचं नातं नाही. त्याचं कच्चं बी खाल्लं तर उलट्या-जुलाब होऊ शकतात. ओळख सोपी आहे. खऱ्या अक्रोडाचं पान संयुक्त असतं, म्हणजे एका देठावर ५ ते ९ पर्णिका असतात आणि चुरगळल्यावर उग्र वास येतो. जंगली अक्रोडाचं पान एकसंध असतं आणि कोवळी पालवी पीठ भुरभुरल्यासारखी पांढुरकी दिसते. रोप विकत घेताना आधी पान पाहा.

बी की कलम?

बियांपासून वाढवलेल्या झाडाला फळं यायला ८-१० वर्षं किंवा जास्तही लागतात आणि फळ मूळ झाडासारखंच निघेल याची खात्री नसते. कलमाला साधारण ४-५ वर्षांत फळ दिसू लागतं.

काश्मीरमधली जुनी झाडं बहुतेक बियांपासून वाढलेली आणि खूप उंच आहेत. काढणीच्या दिवसांत लोक त्यावर चढून काठीने फळं झोडपतात. त्यात पडून माणसं दगावतात, कायमची जायबंदी होतात. घराच्या बागेत आटोपशीर वाढणारं कलम लावण्याचं हे सर्वांत मोठं कारण. श्रीनगरच्या केंद्रीय शीतोष्ण बागवानी संस्थेने अक्रोडाच्या सुधारित जाती दिल्या आहेत. चँडलर ही कॅलिफोर्नियातली जातही प्रसिद्ध आहे.

लागवड कशी करावी?

• घरापासून आणि दुसऱ्या झाडापासून ८ ते १० मीटर अंतर ठेवा.
• मूळ खोल जातं, म्हणून सुमारे १ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. पाणी साचणारी जागा टाळा.
• डिसेंबर ते मार्च या काळात, झाडाला पानं नसताना लावा. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या.
• पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात नियमित पाणी द्या.
• हिवाळा संपताना मोठी छाटणी करू नका. कापलेल्या जागेतून रस वाहत राहतो.

एकच झाड पुरेल का?

नर आणि मादी फुलं एकाच झाडावर येतात, पण अनेकदा वेगवेगळ्या वेळी फुलतात. परागकण वाऱ्याने पसरतात. त्यामुळे जवळपास दुसऱ्या जातीचं झाड असेल तर फळधारणा वाढते. चँडलरसाठी फ्रँकेट ही जोडीदार जात वापरतात.

झाडाखाली काय लावू नये?

अक्रोडाच्या मुळांत, पानांत आणि फळाच्या हिरव्या सालीत जुग्लोन तयार होतं. टोमॅटो, बटाटा आणि वांगी त्याने कोमेजू शकतात. अमेरिकेत अनेक घरांच्या परसात आढळणाऱ्या काळ्या अक्रोडात ते जास्त असतं. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी भाजीचा वाफा या झाडापासून लांबच ठेवावा.

काढणी

सप्टेंबरच्या सुमारास हिरवी साल तडकू लागली की फळ तयार झालं असं समजा. साल काढताना हातमोजे घाला, कारण तिचा काळपट डाग अनेक दिवस जात नाही. अक्रोड धुऊन हवेशीर जागी वाळवा. गर कटकन मोडला तर ते साठवायला तयार आहेत.

थोडक्यात, बर्फ पडणाऱ्या गावी मोकळी जागा असेल तर कलम जरूर लावा. कोकणात अंगण असेल तर तीच जागा काजूला द्या. तिथल्या हवेत काजूच्या बिया हमखास खायला मिळतील.